गाडी परराज्यातली, कर घरचा

अमेरिकेत मोटारीवर किती विक्रीकर बसणार हे बहुधा गाडी कुठे घेतली यावरून नव्हे, तर ती कुठे नोंदवली जाणार यावरून ठरते. ओरेगन राज्यात विक्रीकर नाही. शेजारच्या कॅलिफोर्नियातला कुणी पोर्टलंडला जाऊन तिथल्या डीलरकडून ३२,००० डॉलरची वापरलेली गाडी घेतो, तेव्हा बिलावर कराच्या रकान्यात शून्य असते. तीन हजार डॉलर वाचले, या आनंदात तो सहाशे मैल गाडी चालवत घरी येतो. मग नंबरप्लेटसाठी डीएमव्हीच्या, म्हणजे तिथल्या आरटीओच्या, खिडकीवर उभा राहतो. खिडकीमागची बाई पोर्टलंडचे बिल पाहते, घराचा पत्ता विचारते आणि त्या पत्त्याचा कराचा दर लावते. कॅलिफोर्नियाचा मूळ दर ७.२५ टक्के, त्यावर जिल्हा-कर चढतात. सगळे मिळून सव्वानऊ टक्के होणाऱ्या एखाद्या गावात तो राहत असेल, तर २,९६० डॉलर भरल्याशिवाय प्लेट हातात पडत नाही.

या कराचे नाव विक्रीकर नाही. तो ‘यूज टॅक्स’, म्हणजे वापर कर. विक्री परराज्यात झाली, तिच्यावर कर लावण्याचा अधिकार कॅलिफोर्नियाला नाही. पण वस्तू आता कॅलिफोर्नियात वापरली जाणार, त्या वापरावर कर लावता येतो. दर तोच, रक्कम तीच, फक्त नाव निराळे. परराज्यातून गाडी घेण्याचे जवळजवळ सगळे हिशेब या जोडकराभोवती फिरतात.

हा जोडकर महामंदीच्या काळातला. १९३० च्या दशकात मालमत्ता कराची वसुली कोसळली आणि राज्यांनी एकापाठोपाठ एक विक्रीकर सुरू केले. लगेच सीमेवरच्या दुकानदारांची ओरड सुरू झाली, कारण गिऱ्हाईक नदी ओलांडून पलीकडच्या राज्यात खरेदी करू लागले. त्यावर उपाय म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी १९३५ मध्ये वापर कर आणला. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरणाचे काम चालू होते. कंत्राटदारांनी यंत्रे बाहेरच्या राज्यांतून आणली होती. त्यांच्यावर दोन टक्के कर लागताच ते न्यायालयात गेले. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांच्या निकालपत्राने, हा कर वैध ठरवला. राज्यात घेतलेल्या आणि बाहेरून आणलेल्या मालावर सारखाच भार पडत असेल, आणि बाहेर भरलेला कर वजा होत असेल, तर तो बाहेरच्या मालाशी केलेला दुजाभाव ठरत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

कायदा सर्व वस्तूंना लागू होता, पण पुढची ऐंशी वर्षे तो बहुतांशी कागदावरच राहिला. परराज्यातून टपालाने मागवलेल्या पुस्तकावर किंवा कोटावर आपणहून वापर कर भरणारा माणूस विरळाच. विक्रेत्याने तो वसूल करावा म्हटले, तर राज्यात ज्याचे दुकान किंवा गोदामच नाही त्याच्यावर सक्ती करता येत नसे. २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्याने ती अट काढून टाकली आणि ऑनलाइन खरेदीवर सर्वत्र कर लागू लागला. मोटारीच्या बाबतीत मात्र अशा निकालाची वाट पाहावी लागली नाही. कोट नोंदवावा लागत नाही, गाडी नोंदवावी लागते. नंबरप्लेट देणारे कार्यालय हेच नाके, आणि त्या नाक्यावरून प्रत्येकाला जावेच लागते.

विक्रीकर अमेरिकेत ४५ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टन डीसीमध्ये आहे. न्यू हॅम्पशायर, ओरेगन, मोंटाना, अलास्का आणि डेलावेअर या पाच राज्यांत राज्यस्तरीय विक्रीकर नाही. इंग्रजी आद्याक्षरे जुळवली की ‘नोमॅड’, म्हणजे भटक्या, हा शब्द होतो; गाडीच्या करापुरते पाहिले तर भटकून फारसे काही हाती लागत नाही, हा भाग वेगळा. आणि ही राज्येही अगदी कोरी नाहीत. डेलावेअरमध्ये टायटलच्या, म्हणजे मालकीच्या दाखल्याच्या, वेळी किमतीच्या टक्केवारीने दस्त शुल्क घेतात. ओरेगनने २०१८ पासून, परराज्यातल्या डीलरकडून नवी गाडी आणणाऱ्या आपल्या रहिवाशांवर अर्ध्या टक्क्याचा वापर कर बसवला. ‘नवी’ म्हणजे ७,५०० मैलांपर्यंत चाललेली. विक्रीकर नसलेल्या राज्यालाही सीमेपलीकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकाची आठवण आलीच.

बाकी राज्यांचे दर आणि नावे यांचा मेळ नाही. टेक्सासमध्ये मोटारीवर ६.२५ टक्के, फ्लोरिडात ६ टक्के आणि वर काउंटीचा अधिभार, तोही फक्त किमतीच्या पहिल्या ५,००० डॉलरवर. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. पेनसिल्व्हेनियात ६ टक्के. पण फिलाडेल्फियाच्या रहिवाशाला ८ टक्के, मग गाडी त्याने राज्यात कुठूनही घेतलेली असो. व्हर्जिनियात फक्त ४.१५ टक्के. नॉर्थ कॅरोलिनात त्याला ‘हायवे यूज टॅक्स’ म्हणतात आणि तो अवघा ३ टक्के आहे. साउथ कॅरोलिनात ५ टक्के म्हटले तरी वरची मर्यादा ५०० डॉलर, त्यामुळे ६०,००० डॉलरच्या गाडीवरही ५०० च. जॉर्जियाने २०१३ मध्ये विक्रीकर आणि दरवर्षीचा वाहन मालमत्ता कर दोन्ही गुंडाळून टायटलच्या वेळी एकदाच घ्यायचा कर आणला. वॉशिंग्टन डीसीत गाडीचे वजन आणि इंधनक्षमता यांवरून कर ठरतो. ज्याला साध्या भाषेत सेल्स टॅक्स म्हणतात तो अर्ध्या ठिकाणी कायद्याने सेल्स टॅक्स नसतोच. परराज्यात भरलेला कर इथे वजा होईल का, हे काही वेळा या नावावरच अडते.

दोन राज्यांनी एकाच गाडीवर पूर्ण कर घ्यायचा नाही, ही वजावटीची सोय बहुतेक राज्यांत आहे. टेक्सासचा रहिवासी फ्लोरिडात ३०,००० डॉलरची गाडी घेतो. फ्लोरिडा परराज्यातल्या गिऱ्हाइकाकडून त्याच्या घरच्या राज्याच्या दराने कर घेते, पण स्वतःच्या ६ टक्क्यांहून जास्त नाही. शिवाय गाडी ४५ दिवसांत घरच्या राज्यात नोंदवीन, असे प्रतिज्ञापत्र लिहून घेते. म्हणजे फ्लोरिडाच्या डीलरकडे १,८०० डॉलर गेले. टेक्सासचा कर होतो १,८७५. टेक्सास १,८०० वजा करून ७५ डॉलर मागते. एकूण रक्कम घरी घेतली असती तेवढीच. फरक एवढाच की मोठा वाटा फ्लोरिडाच्या तिजोरीत गेला, टेक्सासच्या नव्हे. ही चिंता त्या दोन सरकारांची.

उलट दिशेने गेले की पंचाईत होते. घरचा दर कमी आणि डीलरने स्वतःच्या राज्याचा जास्त दर लावला, तर घरचे राज्य आपला कर माफ करते, पण वरचा फरक परत देत नाही. तो पैसा दुसऱ्याच राज्यात पडलेला असतो. म्हणून व्हर्जिनिया किंवा नॉर्थ कॅरोलिनासारख्या कमी दराच्या राज्यातल्या माणसाने परराज्यात सही करण्यापूर्वी एकच गोष्ट लेखी विचारून घ्यावी: या बिलावर कोणत्या राज्याचा कर आहे आणि तो कुणाला भरला जाणार?

त्याचे उत्तर पुष्कळदा गाडीचा ताबा कुठे दिला यावर ठरते. काही राज्ये परराज्यातल्या गिऱ्हाइकाला करातून थेट सूट देतात. कागद दाखवा, तात्पुरता परवाना घ्या, निघा. कॅलिफोर्निया तसे करत नाही. तिथल्या शोरूममध्ये किल्ली हातात घेतली की विक्री कॅलिफोर्नियात पुरी झाली आणि कर लागला, गिऱ्हाईक नेवाडाचे का असेना. कर टाळायचा, कायदेशीरपणे टाळायचा, तर विक्रीचा करारच तसा हवा आणि डीलरने गाडी राज्याबाहेर पोचती करायला हवी: वाहतूक कंपनीच्या ट्रेलरवर चढवून, नाहीतर स्वतःचा माणूस पाठवून. मग सॅक्रामेंटोच्या डीलरचा नोकर सिएरा पर्वत ओलांडून नेवाडातल्या रीनोपर्यंत नवी गाडी चालवत नेतो, तिथे वाहनतळावर गिऱ्हाईक उभे असते, किल्ली तिथे दिली जाते आणि ताबा राज्याबाहेर दिल्याच्या कागदावर सही होते. दोघे शोरूममध्ये तासभर समोरासमोर बसून आलेले असतात. तरीही किल्ली सीमेपलीकडेच द्यायची, कारण लेखापरीक्षकाला तो कागद दाखवावा लागतो.

दर हा हिशेबाचा अर्धाच भाग. दर कशावर लावायचा, यात राज्ये त्याहून जास्त वेगळी आहेत, आणि गिऱ्हाईक फसते ते इथे. जुनी गाडी डीलरला देऊन नवी घेतली, ज्याला तिथे ‘ट्रेड-इन’ आणि इकडे आपण एक्स्चेंज म्हणतो, तर बहुतेक राज्यांत जुन्या गाडीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो. कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात तसे नाही. पूर्ण किमतीवर कर. नवी गाडी ३५,००० ची आणि जुनीचे १५,००० आले असे धरू. टेक्सासमध्ये कर २०,००० वर, म्हणजे १,२५० डॉलर. कॅलिफोर्नियात मूळ दरानेही ३५,००० वर २,५३७ डॉलर ५० सेंट. व्हर्जिनियाचा दर टेक्सासच्या दोन तृतीयांश, पण कर मात्र १,४५२ डॉलर ५० सेंट, म्हणजे जास्त. कमी दराचे राज्य ते स्वस्त राज्य असे समीकरण इथे मोडते.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. जुनी गाडी बाहेर विकली तर पाचशे डॉलर जास्त येतील म्हणून टेक्सासचा माणूस ती डीलरला देत नाही. त्याने नव्या गाडीवरच्या करातली ९३७ डॉलरची सवलत घालवली; ४०० हून अधिक डॉलरचा तोटा, वर जाहिरात देण्याचा आणि अनोळखी लोकांना चक्कर मारून आणण्याचा त्रास. कॅलिफोर्नियात मात्र बाहेर विकणेच शहाणपणाचे, कारण तिथे सवलत मुळातच नाही. आणि कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाने ट्रेड-इन वजा करणाऱ्या राज्यात जाऊन गाडी बदलली, तरी नोंदणीच्या वेळी कॅलिफोर्नियाचीच ‘किंमत’ धरली जाते. डीलरच्या बिलातला कमी आकडा घरी येऊन फुगतो.

कंपनीकडून मिळणाऱ्या सवलतीचेही तसेच. कारखानदाराने २,००० डॉलरची रिबेट दिली तरी कॅलिफोर्नियात कर रिबेटच्या आधीच्या किमतीवर लागतो. डीलरने स्वतःच्या खिशातून किंमत कमी केली तर कमी झालेल्या किमतीवर. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दोन्ही सवलती सारख्या, करखात्याच्या दृष्टीने पहिली म्हणजे तिसऱ्याने भरलेले पैसे. बिलाच्या तळाशी असलेल्या ‘डॉक फी’कडेही लक्ष असावे. कागदपत्रे तयार करण्याचा हा आकार कॅलिफोर्नियात ८५ डॉलरवर बांधलेला आहे. फ्लोरिडात कायद्याची मर्यादाच नाही आणि तो अनेक शेकड्यांत जातो. करात वाचवलेले डॉक फीत गेले, असे होऊ शकते. म्हणून जाणकार गिऱ्हाईक डीलरला किंमत विचारत नाही, ‘आउट द डोअर’ आकडा विचारते. आपल्याकडची ‘ऑन रोड’ किंमत ती हीच. फक्त परराज्यातल्या डीलरच्या या आकड्यात घरच्या राज्याचा कर धरलेला आहे की नाही, हे वेगळे विचारावे लागते.

तो धरलेला नसेल तर अडचण रोख पैशाची होते. घरच्या डीलरकडे कर कर्जात मिसळून जातो, महिन्याच्या हप्त्यात दिसतही नाही. परराज्यातल्या डीलरने कर घेतला नाही की तो कर्जातही नसतो आणि महिन्याभरात दोन-अडीच हजार डॉलर एकरकमी भरायची वेळ येते. मिझुरी राज्यात तर वर्षानुवर्षे अशी रीत होती की राज्यातल्या डीलरनेही कर घ्यायचा नाही. गिऱ्हाइकाने तीस दिवसांत परवाना कार्यालयात जाऊन तो भरायचा. तोवर मागच्या काचेखाली कागदी नंबर. सेंट लुईसच्या रस्त्यांवर मुदत संपून महिने लोटलेले, उन्हाने पांढरे पडलेले कागदी नंबर लावून फिरणाऱ्या गाड्या हा नेहमीच्या तक्रारीचा विषय होता. कर बुडवायचा असा त्यातल्या अनेकांचा बेत नव्हता. डाउन पेमेंटनंतर हातात पैसेच उरले नव्हते. टेक्सासने बनावट नंबरांना कंटाळून जुलै २०२५ पासून कागदी नंबर बंदच केले आणि डीलरकडूनच पत्र्याची प्लेट द्यायला सुरुवात केली.

डीलरऐवजी दुसऱ्या माणसाकडून गाडी घेतली तर कर गोळा करणारा मध्ये कुणीच नसतो. खरेदीदाराने नोंदणीच्या वेळी स्वतः भरायचा. साहजिकच कागदावर किंमत कमी लिहिण्याचा मोह होतो. आठ हजारांची गाडी आणि पावती आठशेची. राज्यांनी त्यावर आपापले तोडगे काढले आहेत. टेक्सास प्रत्येक गाडीची एक प्रमाण किंमत धरते. लिहिलेली किंमत तिच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर कर त्या ८० टक्क्यांवर. इलिनॉयने १५,००० डॉलरच्या आतल्या खासगी व्यवहारात किमतीचा विचारच सोडून दिला आणि गाडीच्या वयाप्रमाणे ठरावीक रकमांचा तक्ता केला. नेवाडा आणि अॅरिझोना खासगी व्यवहारावर कर घेतच नाहीत. त्यामुळे अॅरिझोनाच्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या माणसाकडून गाडी घेतली तर कर शून्य. कॅलिफोर्नियाच्या माणसाने अॅरिझोनातल्या माणसाकडून घेतली तर पूर्ण वापर कर. गाडी कुठून आली यापेक्षा ती कुठे जाणार याला महत्त्व, हे इथे सर्वांत स्वच्छ दिसते.

घरातल्या घरात गाडी दिली तर बहुधा सवलत मिळते. टेक्सासमध्ये आई-वडील, मुले, भावंडे, नवरा-बायको, आजी-आजोबा यांच्यातल्या भेटीवर फक्त १० डॉलर कर आहे. मित्राने मित्राला दिलेली गाडी या सवलतीत बसत नाही. प्रमाण किंमत तिथे पुन्हा डोके वर काढते.

गाडी आधी घेतली आणि राज्य नंतर बदलले, हा प्रकार वेगळा, आणि नोकरीनिमित्त दर तीन-चार वर्षांनी राज्य बदलणाऱ्यांना हाच जास्त भेडसावतो. न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासमधल्या डॅलसला किंवा नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटहून कॅलिफोर्नियाच्या बे एरियात जाणाऱ्या मराठी कुटुंबांत सामानाच्या ट्रकइतकीच चर्चा गाडीच्या नंबराची असते. टेक्सास नव्या रहिवाशाला चांगले वागवते: गाडी त्याच्या नावावर दुसऱ्या राज्यात आधीच नोंदलेली असेल तर सरसकट ९० डॉलर. नॉर्थ कॅरोलिनात ती निदान ९० दिवस दुसऱ्या राज्यात त्याच्या नावावर असेल तर कराची कमाल मर्यादा २५० डॉलर. जॉर्जिया नवागतांकडून ३ टक्के घेते. कॅलिफोर्नियाची कसोटी बारा महिन्यांची आहे: बाहेर घेतलेली गाडी वर्षाच्या आत राज्यात आली तर ती इथल्या वापरासाठीच घेतली, असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर येते. शार्लटमध्ये ३ टक्के कर भरून नवी गाडी घेतली आणि चार महिन्यांत सॅन होजेला बदली झाली, तर उरलेला फरक कॅलिफोर्निया मागू शकते. तीच गाडी दीड वर्ष वापरून आणली तर सहसा काही मागत नाही. बदलीची कुणकुण लागलेली असताना जुन्या राज्यात गाडी घेणे म्हणूनच जोखमीचे.

कॅलिफोर्नियाबाबत आणखी एक अडथळा कराचा नाही, धुराचा आहे. ७,५०० मैलांहून कमी चाललेली गाडी तिथे नवीच मानतात आणि कॅलिफोर्नियाच्या उत्सर्जन मानकांचे प्रमाणपत्र नसेल, तर तिथल्या रहिवाशाला ती नोंदवताच येत नाही. कर भरायची तयारी असूनही प्लेट मिळत नाही. इंजिनाच्या झाकणाखालचे लेबल गाडी घेण्याआधी वाचावे लागते.

नव्या राज्यात नोंदणीची मुदतही वेगवेगळी: कॅलिफोर्निया २० दिवस, टेक्सास ३०, न्यू जर्सी ६०.

राज्य बदलणाऱ्यांच्या हक्काचा एक महत्त्वाचा खटला अशाच एका साध्या गाडीवरून झाला. नॉर्मन विल्यम्स यांनी डिसेंबर १९८० मध्ये इलिनॉयमध्ये नवी गाडी घेतली, ५ टक्के कर भरला आणि थोड्याच महिन्यांत ते व्हरमाँटला राहायला गेले. व्हरमाँटचा वापर कर ४ टक्के. बाहेर भरलेला कर वजा करण्याची सोय व्हरमाँटमध्ये होती, पण ती कर भरताना जे व्हरमाँटचे रहिवासी होते त्यांनाच. विल्यम्स तेव्हा इलिनॉयचे रहिवासी. त्यांना १७२ डॉलर भरायला लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की जुना रहिवासी आणि नवा रहिवासी दोघेही आता एकाच राज्यात राहतात, दोघांच्या गाड्या त्याच रस्त्यांवर चालतात. गाडी घेताना कोण कुठला होता एवढ्यावरून एकाला वजावट द्यायची आणि दुसऱ्याला नाही, हे समान संरक्षणाच्या तत्त्वात बसत नाही. वजावट दिलीच पाहिजे असे न्यायालयाने म्हटले नाही. द्यायची तर आधीच्या पत्त्यावरून भेद करू नका, एवढेच म्हटले.

परराज्यातून गाडी आणण्याचा हा प्रकार महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. दमण, पुदुच्चेरी अशा कमी कराच्या प्रदेशांतून गाड्या आणण्याची वाट इथेही मळलेली होती, आणि ती बुजवायला राज्याने १९८७ मध्ये मोटारींवर प्रवेश कराचा कायदा केला. बाहेर घेतलेली गाडी राज्यात आणून नोंदवायची तर हा कर, बाहेर भरलेला विक्रीकर वजा करून. म्हणजे अमेरिकेतला वापर करच, दुसऱ्या नावाने. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, देशभर दर एक झाला आणि प्रवेश कर त्यात विरला. उरला तो रस्ता कर, आणि तो अजून प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. महत्त्वाचा फरक इथे दिसतो. अमेरिकेत जुन्या राज्यात भरलेला कर नवे राज्य वजा करते. भारतात गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची तर तिथला रस्ता कर भरायचा आणि उरलेल्या वर्षांचा परतावा जुन्या राज्याच्या आरटीओकडे मागायचा. ज्यांनी तो मागितला आहे त्यांना वजावटीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

गाडी कुठे राहते हेच खोटे सांगायचे, ही कर वाचवण्याची पळवाट अमेरिकेत मोंटानाच्या नावाने प्रसिद्ध आहे. मोंटानात विक्रीकर नाही, आणि तिथे न राहणाऱ्यालाही तिथे कंपनी काढता येते. वकिलाकडून एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, स्थापन करायची. फेरारी किंवा मोठी मोटरहोम त्या कंपनीच्या नावावर घ्यायची. मोंटानाची प्लेट टपालाने घरी येते. गाडी अकरा वर्षांची किंवा त्याहून जुनी असेल तर कायमची नोंदणी, दरवर्षीचा ताप नाही. तीन लाख डॉलरच्या गाडीवर लॉस एंजेलिसमध्ये पंचवीस-तीस हजार डॉलर कर होतो. कंपनी काढायला त्याच्या मानाने किरकोळ खर्च येतो. म्हणूनच त्या शहराच्या उंची वस्त्यांत, मोंटानाचा बर्फ कधी न पाहिलेल्या गाड्यांवर मोंटानाच्या प्लेटा दिसतात.

राज्यांचा यावरचा प्रश्न साधा असतो: कंपनीचा धंदा कोणता? गाडी बाळगण्यापलीकडे काहीच नसेल, आणि गाडी रोज आमच्याच रस्त्यावर फिरत असेल, तर खरा मालक आमचा रहिवासी आणि कर बाकी. त्यावर दंड आणि व्याज. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी तर शेजाऱ्याच्या दारातल्या परराज्यातल्या प्लेटची माहिती कळवण्याची सोयच ठेवली आहे. कोलंबिया नदीच्या उत्तर काठावरच्या व्हँकूव्हर गावात राहून पलीकडच्या ओरेगनची प्लेट लावणाऱ्यांची वॉशिंग्टन राज्याला जुनी डोकेदुखी आहे; कर टाळण्यासाठी परराज्यात गाडी नोंदवणे तिथे फौजदारी गुन्हा आहे. विम्याची बाजू त्याहून वाईट. हप्ता गाडी रात्री जिथे उभी राहते त्या पत्त्यावर ठरतो. पत्ता खोटा निघाला तर अपघातानंतर कंपनी दावा नाकारू शकते. वाचवलेला कर तेव्हा फार महागात पडतो.

लीजवर, म्हणजे भाड्याने, घेतलेल्या गाडीला वरचे नियम जसेच्या तसे लागत नाहीत. बहुतेक राज्ये दर महिन्याच्या भाड्यावर कर घेतात. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी साऱ्या भाड्याचा कर सुरुवातीलाच घेतात. टेक्सास तर गाडीच्या पूर्ण किमतीवर. लीज चालू असताना टेक्सासला गेलेल्या माणसाला आधीच्या राज्यात भरलेल्या कराची पावती लीज कंपनीकडून मागून ठेवावी लागते, कारण गाडी कंपनीच्या नावावर असते आणि पावतीही तिच्याकडेच.

भरलेला कर केंद्राच्या प्राप्तिकरात थोडाफार कामी येतो. विवरणपत्रात राज्याचा प्राप्तिकर किंवा विक्रीकर यांपैकी एक वजा करता येतो. पगारावर राज्य प्राप्तिकर नसलेल्या टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टनमधले लोक विक्रीकर निवडतात, आणि वर्षभराच्या ठोक रकमेत गाडीवर भरलेला कर वेगळा मिळवता येतो. या वजावटींवर २०१८ पासून १०,००० डॉलरची मर्यादा होती. २०२५ च्या कायद्याने ती ४०,००० वर नेली, जास्त उत्पन्नासाठी ती उतरत जाते. प्रमाणित वजावट घेणाऱ्याला मात्र याचा उपयोग नाही.

डीएमव्हीच्या खिडकीवर नेण्याच्या कागदांत डीलरचे बिल हवे, ज्यात गाडीची किंमत, ट्रेड-इन, रिबेट आणि भरलेला कर वेगवेगळ्या ओळींत दिसतील. भरलेल्या करासमोर राज्याचे नाव लिहिलेले हवे. नुसता ‘टॅक्स’ आणि आकडा असेल तर खिडकीवरचा कारकून वजावट नाकारू शकतो, आणि मग दुरुस्त बिलासाठी सहाशे मैलांवरच्या डीलरला फोन करत बसावे लागते. टायटलवर विक्रेत्याची सही योग्य रकान्यात हवी, कारण खाडाखोड झाली की बहुतेक राज्ये दुसरे टायटल मागतात. आणि गाडी डीलरने राज्याबाहेर पोचवली असेल, तर ताबा कोणत्या तारखेला, कुठल्या गावात मिळाला, याची सही केलेली प्रत गाडीच्या कागदांबरोबरच ठेवावी.